पाटावरची ऊब

गुरुदत्त खारकरच्या घरात जेवायला टेबल नव्हतं. नव्वदच्या आसपास पनवेलच्या लाइन आळीतल्या बऱ्याच घरांत टेबलं आली होती. वर सनमायका, खाली लोखंडी पाय. गुरुदत्तच्या स्वयंपाकघरात मात्र लग्नातले दोन सागवानी पाट होते. जेवायच्या वेळी ते मांडायचे, जेवण झालं की पुसून भिंतीला उभे करायचे. एक त्याचा, एक दमयंतीचा.

दमयंतीचा डावा गुडघा एस.टी.तून उतरताना पडल्यापासून पुरता मिटत नसे. त्यामुळे ती मांडी घालून बसत नसे. उजवी मांडी मोडायची, डावा गुडघा उभा ठेवायचा आणि तळपाय पाटाच्या कडेला टेकवायचा, अशी तिची बैठक. लग्नाच्या पंगतीत तिला त्याची लाज वाटे. "लोकांना वाटतं, मी उठायच्या तयारीतच बसलेय," असं ती म्हणायची.

नव्वद साली श्रावणातल्या एका दुपारी ती ताक आणायला म्हणून पाटावरून उठली आणि मागच्या पडवीत कोसळली. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. घर माणसांनी भरलं. गुरुदत्त दाराशी उभा होता. कोणीतरी त्याच्याकडे पाट सरकवला आणि म्हटलं, "सर, बसा. पडाल." तो बसला. लाकूड उबदार होतं. ही ऊब कोणाची, हे लक्षात यायला त्याला थोडा वेळ लागला. तो घाईने उठला, वाकून पाटावर तळहात टेकवला. पाट अजून ऊनच होता. पण आता ती त्याची स्वतःची ऊब होती.

याबद्दल तो कोणाशी बोलला नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. लाकूड ऊब धरतं, हे कोणालाही माहीत असतं.

गुरुदत्त हायस्कुलात चित्रकला शिकवत असे. मुलांना रंगचक्र शिकवणं, पाचवीच्या वह्यांतली सफरचंदं तपासणं, गॅदरिंगला पडदे रंगवणं. त्याचं डोकं रंगाच्याच वाटेनं चालायचं. ऊब डोळ्यांना दिसत नाही, एवढीच तर अडचण होती. दिसली असती, तर तो त्या पाटावर बसलाच नसता. उष्णता लागली की बदलणारा रंग कुठेतरी असणार, असं त्याला वाटू लागलं, आणि त्याने शोध सुरू केला. विचारणाऱ्यांना तो सांगे, जिल्हा कलाशिक्षकांच्या प्रदर्शनासाठी काहीतरी वेगळं करायचंय.

सुरुवात शाळेच्या प्रयोगशाळेतून झाली. विज्ञानाच्या शिक्षकांनी कोबाल्ट क्लोराइडची बाटली काढून दिली. त्याच्या पाण्यानं कागदावर लिहिलं तर वाळल्यावर अक्षर दिसत नसे. मेणबत्तीवर धरलं की निळं उमटे. पण ते मेणबत्तीवर. माणसाच्या अंगाची ऊब त्याला पुरत नव्हती. शिवाय पनवेलची हवा दमट. उमटलेलं निळं बघता बघता पुसट होई. मग तो मुंबईला गेला. फोर्टच्या फुटपाथवर रंग बदलणारी अंगठी मिळाली. बोटात घातली की काळ्याची हिरवी होणारी. घरी येऊन त्याने ती अडकित्त्याने फोडली. आत काचेचा थेंब आणि त्याच्या पाठीला चिकटलेला पापुद्रा निघाला. फोडल्यावर तो पापुद्रा काळाच राहिला.

कमळाकर त्याला तळोज्याच्या बसमध्ये भेटला. त्याच्या हाताखालून गेलेल्या पहिल्या तुकडीतला मुलगा, आता तिशीतला, एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर. चित्रकलेत तो कायम काठावर पास होई, तरी सरांचा विषय निघाला की त्याला उमाळा यायचा.

"हाय ना सर, तसा रंग हाय," तो म्हणाला. "आमच्या रिॲक्टरला बाहेरून पट्टा मारलेला असतो. आत जास्ती तापलं की हिरव्याचा पांढरा होतो."

"आणि गार झाल्यावर?"

"पांढराच ऱ्हातो. परत येत नाय. साहेबाला कळाया पायजे ना, रात्री कोनाची डुलकी लागली ते."

"मला परत येणारा हवाय. आणि अंगाच्या उबेवर बदलणारा."

कमळाकरने मान हलवली. मग शेजारच्या प्लॉटमधल्या एका नव्या कंपनीविषयी तो सांगू लागला. तिथं जपानी मालाची नक्कल करायचा प्रयत्न चालला होता. गरम चहा ओतला की कपावर चित्र उमटतं, तसल्या कपांसाठी. माल अजून जमत नव्हता. कपाला हवा त्याच्यापेक्षा फारच कमी उष्णतेवर रंग उडायचा. बिघडलेला लॉट मागच्या शेडमध्ये पडून होता.

पंधरवड्यानं एका संध्याकाळी तो बिस्किटांचा डबा घेऊन आला. डब्यात दुहेरी प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत धुण्याच्या निळीसारखी गर्द निळी पूड. गुरुदत्तने चिमूटभर तळहातावर घेतली. पूड कडेनं फिकट झाली, मग मधोमध, आणि थोड्याच वेळात तळहातावर पीठ सांडल्यासारखं पांढरं राहिलं. त्याने ती कागदावर झटकली. कागदावर ती पुन्हा निळी झाली.

त्याने पुन्हा एक चिमूट तळहातावर घेतली.

"उन्हात नका ठेवू," कमळाकर म्हणाला. "आन् लय वेळ तापती पन नका ठेवू. फिरून फिरून थकते ती. मंग निळी होतच नाय. आन् सर, एवढीच हाय हां. कंपनीनं त्यो नाद सोडला."

"एवढी पुरेल."

"करनार काय हिचं?"

"पाट रंगवणार."

"पाट?" कमळाकर हसला. "आन् बसल्यावर काय व्हईल?"

"उठल्यावर होईल. जो बसला होता, त्याची खूण दिसेल."

"आयला! मंग सर, आमच्याकडच्या बायांना नका बसवू. एकेकीला पाट पुरायचा नाय."

गुरुदत्तने दमयंतीचा पाट घासून गुळगुळीत केला, त्यावर आधी हळदीसारखा पिवळा दिला. तो वाळल्यावर पारदर्शक व्हार्निशमध्ये पूड कालवून निळ्याचे हात दिले. पाट पडवीतल्या सावलीत वाळला. दिसायला साधा, शाईसारखा निळा. तो त्यावर बसला आणि उठला, तेव्हा निळ्यात दोन मांड्यांची पिवळी खूण होती, स्पष्ट. मग कडा आत सरकू लागल्या. खूण लहान होत गेली, रुपयाएवढी उरली आणि विझली. एक कप चहा पिऊन व्हावा एवढा वेळ. त्या संध्याकाळी तो कितीदा बसला आणि किती वेळा उठला, ते त्यालाच आठवत नव्हतं.

शशिकला गणपतीनंतर आली. ती दमयंतीची थोरली बहीण. उरणला मोरा बंदराजवळ राहायची, नवरा लाँचवर तिकिटं फाडायचा. धाकटी गेल्यापासून दर दोन महिन्यांनी सुकट, कोकमं आणि बोलणी घेऊन ती पनवेलला यायची. गुरुदत्तने तिला पाटावर बसवलं आणि उठवलं.

"अगंबाई!" तिने पदर तोंडाला लावला. "हे एवढं माझं? झाका हो ते, गुरुदत्तराव. प्रदर्शनात लावाल आणि वर नाव घालाल!"

"जातं ते आपोआप. बघा."

दोघं बघत राहिली. खूण विझली तेव्हा शशिकला हसत नव्हती.

"हा दमेचा ना पाट?"

"हो."

"मग प्रदर्शनाला कशाला पाठवताय?" असं म्हणून ती उत्तराची वाट न बघता चहा टाकायला गेली.

पितृपंधरवड्यात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवायला बोलावतात. तिचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पाटाभोवती रांगोळी काढायची, पोटभर वाढायचं आणि ओटी भरून पाठवायचं. त्या दुपारपुरती ती सवाष्ण म्हणजेच गेलेली बाई. मागच्या वर्षी शेजारची एक बाई जेवून गेली होती. या वर्षी गुरुदत्त सायकल मारत तळोज्याकडच्या गावात गेला आणि कमळाकरच्या बायकोला, हौसाला, सांगून आला.

"पनवेलात कोणी सवाष्ण उरली नाही वाटतं?" आदल्या दिवशी येऊन दाखल झालेली शशिकला म्हणाली.

"तिच्या नवऱ्यानं पूड दिली."

"पूड दिली म्हणून सवाष्ण!"

"तुम्हाला चालत नसेल तर..."

"मला सगळं चालतं हो. खिरीत गूळ घालू की साखर, तेवढं सांगा. आगऱ्यांच्या बायका पट्टीच्या सुगरणी. उद्या गावभर माझी अब्रू जायची."

त्या वर्षी नवमी रविवारी आली. पाऊस सरत आला होता, पण आभाळ भरलेलंच होतं. वाऱ्याबरोबर तळोज्याचा तो आंबट, कुजका वास येत होता. स्वयंपाकघराच्या भिंतीवर गुरुदत्तने शाळेतलं एक जुनं तापमापक टांगलं होतं. त्यातला पारा अठ्ठावीसच्या जरा खाली होता. वडे तळून झाले, अळूची भाजी झाली. शशिकलाने कपाटातून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला निळा पाट काढला.

"हाच मांडते. तिचा दिवस, तिचा पाट."

तिने पाट पूर्वेकडे तोंड करून मांडला, भोवती रांगोळीची महिरप काढली. तो हौसाला आणायला एस.टी. स्टँडवर गेला.

बस उशिरा आली. हौसा उतरली, हिरवं लुगडं, हातात दुधी भोपळा. "रिकाम्या हातानं कशी येऊ?" ती म्हणाली. दोघं चालत घरी आली. फाटक लोटून आत शिरतात तोच स्वयंपाकघरातून शशिकलाचा आवाज आला.

"या, या. वाढलंय मी. गुरुदत्तराव कुठं राहिले?"

"मीही आलोय की."

शशिकला तुपाची वाटी हातात घेऊन दारात आली. तिने हौसाकडे पाहिलं, तिच्या चिखल लागलेल्या पायांकडे पाहिलं, मग मागं वळून पाहिलं.

"तुम्ही आत्ता येताय?"

"हो. बसच उशिरा आली. का?"

"मघाशीच कडी वाजली. मला वाटलं, आलात, बाहेर पाय धुताय. म्हणून मी वाढून घेतलं. मग तूप आणायला वळले..."

ताट पाटासमोर वाढलेलं होतं. भाताची मूद, त्यावर वरण, खीर, वडे, कडेला आमसुलाची चटणी. सगळं जसंच्या तसं. कोणी हात लावलेला नव्हता.

पाटावर पिवळी खूण होती.

गुरुदत्तला पहिल्यांदा वाटलं, ऊन पडलं असेल. पण खिडकीबाहेर ऊन नव्हतं. मग वाटलं, शशिकलाने गरम पातेलं टेकवलं असेल. पण पातेल्याची खूण गोल असते. तो जवळ गेला, खाली वाकला. उजव्या बाजूला आडवी, पसरट, मांडीची खूण. डाव्या बाजूला मांडी नव्हती. तिथं कडेला एक तळपाय होता. टाच, चवडा, पाच बोटं.

"ताई, तुम्ही बसला होतात?"

"खुळे की काय? सवाष्णीच्या पाटावर मी कशाला बसेन?" ती म्हणाली. मग तिचीही नजर खाली गेली, आणि तुपाची वाटी तिने ओट्यावर ठेवली.

हौसाला यातलं काही माहीत नव्हतं. तिने दमयंतीला कधी पाहिलं नव्हतं, रंगाची गोष्ट कमळाकरने तिला धड सांगितलीही नव्हती. ती पुढं आली, वाकली आणि तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा हाताचा मागचा भाग पाटाला लावला.

"ऊन हाय," ती म्हणाली. "इथं कोन तरी बसलंय."

"कोणी नाही बसलं," शशिकला म्हणाली. "रिकामाच होता पाट."

"रिकाम्या पाटाफुडं वाढलात?"

शशिकलाने तुपाची वाटी ओट्यावर आणखी आत सरकवली.

"मंग आता मी नाय बसायची इथं," हौसा म्हणाली. तिच्या बोलण्यात भीती नव्हती, तक्रारही नव्हती. गाडीत कोणी रुमाल टाकून जागा धरली असावी तसं ते बोलणं. "मला भायेर द्या. तिला जेवू द्या."

गुरुदत्तचा पाट बाहेरच्या खोलीत मांडला. शशिकलाने तिथं दुसरं ताट वाढलं. हौसा खाली मान घालून, भरभर जेवली. वड्यांची तारीफ केली, खीर दुसऱ्यांदा घेतली नाही. ओटी घेताना ती शशिकलाच्या पाया पडली आणि निघताना फाटकाशी गुरुदत्तला हळूच म्हणाली, "सर, जेवान झालं की पाट उचला हां. भिताडाला उभा करा. मांडलेला ठेवू नका."

"का?"

"जेवलेल्या मान्साला उठवाया लागतं. नायतर बसून ऱ्हातं."

शशिकला त्याच संध्याकाळच्या बसने उरणला गेली. एरवी ती दोन दिवस राहायची. जाताना तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, बाहेरूनच म्हणाली, "तेवढा पाट उचला, गुरुदत्तराव. माझं ऐका."

त्याने तो उचलला नाही.

खूण दिवेलागणीपर्यंत राहिली. मग इतर कोणतीही खूण विझते तशीच ती विझली. आधी बोटं, मग टाच, शेवटी मांडीचा मधला भाग. गुरुदत्त भिंतीला टेकून तोवर बसून होता.

तो विचार करणारा माणूस होता. दुसऱ्या दिवशी शाळेतून येऊन त्याने पाट नुसताच ठेवला. काही झालं नाही. समोर रिकामं ताट ठेवलं. काही झालं नाही. मग ताटात कालचा भात वाढला आणि पडवीत जाऊन उभा राहिला. परत आला तेव्हा निळ्यावर एक पिवळा ठिपका होता. बघता बघता तो पसरला. त्याने पाट जागच्या जागी उलट्या तोंडानं फिरवला. खूण विझली आणि ताटाकडे तोंड करून पुन्हा उमटली. त्याने तापमापक खिळ्यावरून काढून पाटावर आडवं ठेवलं. निळ्या भागावर पारा अठ्ठावीस दाखवत होता. खुणेवर तो चढला आणि जिवंत माणसाच्या काखेत थांबतो तिथंच जाऊन थांबला.

यानंतर त्याने तपासणं सोडलं आणि रोज दोन ताटं वाढायला सुरुवात केली.

प्रदर्शनाला त्याने मुलांनी काढलेली निसर्गचित्रं पाठवली. दुपारच्या सुटीत इतर शिक्षक डबे उघडत तेव्हा तो सायकल काढून घरी येई. तिच्या ताटात तिला आवडायचं ते असे. वालाचं बिरडं, आमसुलाचं सार. तो आपल्या पाटावर शेजारी बसून जेवे. शाळेत काय झालं, नव्या पनवेलात कुठवर बांधकाम आलं, कोणाच्या जमिनीचे पैसे आले आणि कोणी मोटारसायकल घेतली, हे सगळं तो मोठ्यानं सांगे. उत्तर येत नसे. खूण मात्र असे, आणि तो बोलत असेपर्यंत विझत नसे. दोन वर्षांत त्याला एवढी भूक लागली नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर त्याच्या लक्षात आलं की निळा पूर्वीसारखा भरून येत नाही. खूण विझली की तिथं राखाडी झाक राहायची. रंग थकत होता. रोज इतका वेळ तो तापलेला राही, की हे होणारच होतं. पुरता थकला की पाट सगळा पिवळा होणार, आणि मग ती बसली आहे की नाही, हे कळायचा काही मार्ग उरणार नव्हता.

डब्याच्या तळाशी थोडी पूड शिल्लक होती. तिच्या पाटावर नवा हात द्यावा, तर वाळेपर्यंत पाट वापरता आला नसता. तेवढे दिवस कसे काढायचे, हा प्रश्न होता. मग त्याने स्वतःचा पाट रंगवला. तसाच पिवळा, वर तसाच निळा. वाळला की ती तिथं बसेल आणि तो जुन्यावर. आणि निदान एखाद्या दुपारी दोघांच्या खुणा शेजारी शेजारी बघायला मिळतील, असंही त्याच्या मनात होतं.

कमळाकरला त्याने निरोप धाडला होता. तो भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आला, करंज्यांचा डबा घेऊन.

"पूड कुठली आता, सर? त्यांनी शेडपन पाडली." मग त्याने गुरुदत्तकडे नीट पाहिलं. "स्वेटर घालून बसलाव? मला इथं घाम फुटलाय."

"सकाळपासून जरा थंडी वाजतेय."

गुरुदत्तने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. कमळाकरची बोटं त्याच्या बोटांना लागली आणि थोडं पाणी सांडलं.

"सर, हात किती गार तुमचे!"

"आत्ताच भांडी घासली."

कमळाकर नव्याने रंगवलेल्या पाटावर मांडी घालून पाणी प्याला. उठला तेव्हा पाटावर त्याची रुंद, पिवळी, ठसठशीत खूण होती. "बगा, सर, अजून काम करते तुमची पूड!" तो खूश होऊन म्हणाला. मग त्याची नजर दुसऱ्या पाटाकडे गेली, त्यासमोरच्या वाढलेल्या ताटाकडे गेली. तो दाराकडे वळला. चप्पल घालताना त्याने फक्त विचारलं, "सर, शशीताईंना बोलावून घेऊ का?"

"कशाला?"

कमळाकरने दुसरी चप्पल घातली आणि तो गेला.

गुरुदत्तने कमळाकरची खूण विझू दिली. मग स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि आपल्या पाटावर बसला. शेजारी तिची खूण उमटली होती. आज ती कधी नव्हती इतकी स्पष्ट होती; तळपायाच्या बोटांमधल्या रेघासुद्धा दिसत होत्या. तो सावकाश जेवला. करंजी अर्धी मोडून तिच्या ताटात ठेवली. कमळाकर काय म्हणाला, ते तिला सांगितलं.

मग तो उठला आणि मागं वळून बघितलं.

त्याचा पाट निळा होता.

कडेपासून कडेपर्यंत, एकसारखा निळा.

तो पुन्हा बसला. या वेळी बराच वेळ. भिंतीवरच्या तापमापकाकडे बघत. उठला.

निळा.

त्याला भीती वाटली नाही. फक्त थंडी वाजत होती. गुडघे टेकून तो तिच्या पाटाशी बसला. इतके दिवस त्याने त्या खुणेला कधी हात लावला नव्हता. पुसली जाईल म्हणून. आता त्याने तळहात हळूच तिच्यावर ठेवला.

ऊन होतं.

त्याने हात उचलला. पिवळ्यात त्याचा पंजा उमटला होता. पाच बोटं, तळवा, मनगटापर्यंत. निळा.

तो हात पोटाशी धरून बघत राहिला.

करंगळीच्या टोकाशी निळा फिकट होऊ लागला. ती पिवळी झाली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. एकेक करून, सावकाश, कोणीतरी ती बोटं हातात घेत असावं तशी.

पंजा नाहीसा झाला. खूण पहिल्यासारखी पुरी झाली, आणि मघापेक्षा थोडी मोठी.

गुरुदत्तने स्वेटरच्या बाह्या वर सारल्या आणि दोन्ही हात तिथं ठेवले.